मोरीचे पाणी आणि कुंडीतली माती

परसबाग म्हणजे घराच्या मागची, घरापुरती बाग. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत पुढे अंगण आणि मागे परस अशी रचना असे. अंगणात तुळशीवृंदावन, सडा-रांगोळी आणि पाहुण्यांची ये-जा. परसात विहीर, न्हाणी, धुण्याचा दगड, सरपण, गोठा आणि या सगळ्यांच्या आडोशाने वाढलेली झाडे. ही झाडे सहसा कोणी आखून लावत नसे. न्हाणीची मोरी जिथे उघड्यावर येई तिथे केळी, अळू आणि कर्दळ. विहिरीच्या काठाने नारळ. कुंपणाला शेवगा, हादगा, घेवड्याचा वेल. मागच्या दाराशी कढीपत्ता आणि लिंबू. राख, शेण, केर, भाजीची देठे यांतले जे गुरांना चालत नसे ते उकिरड्यावर जाई आणि पुढच्या पावसाआधी खत होऊन झाडांच्या बुडाशी परत येई. घरातून जे बाहेर पडे त्यावर ही बाग पोसली जाई आणि तिच्यातून निघालेले पुन्हा घरात जाई. अळूचे फदफदे, केळफुलाची भाजी, जेवायला केळीचे पान आणि देवाला जास्वंद यांसाठी बाजारात जावे लागत नसे.

फ्लॅटमधल्या बागेचा इतिहास इथूनच सुरू करावा लागतो. शहराने परस काढून घेतला तेव्हा जागा गेली, हे सर्वांना दिसते. पण त्याच वेळी मोरी आणि केळ, उकिरडा आणि वाफा यांचे नातेही तुटले. हे नुकसान जागेच्या नुकसानापेक्षा मोठे होते. मुंबई-पुण्यात ते भरून काढण्याचे खरे प्रयत्न व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

मुंबई शहराच्या पोटात परसबागांची आणि वाड्यांची नावे अजून शिल्लक आहेत. गिरगाव आणि आसपास फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट ही सगळी पिकांची नावे आहेत. नारळीच्या बागेला मुंबईत भाट म्हणत. गोव्यात हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. एकोणिसाव्या शतकात गिरणी आणि गोदीच्या कामासाठी कोकण-घाटावरून माणसे येत गेली, तशा या वाड्यांमध्ये चाळी उठल्या. झाडे गेली आणि नावे पत्त्यांत राहिली. या बागांचे पाणी विहिरींचे होते. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, त्यामागून १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. तरीही घराघरातल्या विहिरी वापरात होत्या. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाविषयी अहवाल दिला. या तापाचे डास शहरातल्या विहिरी आणि टाक्यांत वाढतात, असे त्यात दाखवले होते. त्यानंतर महापालिकेने विहिरी बुजवण्याचा किंवा बंद करण्याचा सपाटा लावला. आरोग्याच्या दृष्टीने ते आवश्यक होते, पण विहिरीबरोबर तिच्या काठची हिरवळही गेली.

त्याआधी १८९६ मध्ये प्लेग आला होता. दाटीच्या वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच आज बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. या खोलीत माणसांनाच अंग टेकायला जागा पुरत नसे. झाड ठेवायचे तर दाराबाहेर किंवा खिडकीच्या गजांबाहेर. तरीही चाळीत तुळस होती. ती डालड्याच्या किंवा रॉकेलच्या डब्यात होती, तळाला खिळ्याने भोके पाडलेली, बाहेरून गेरूने रंगवलेली. कार्तिकात तिचेही लग्न लागे, उसाचे दांडे तिच्याही भोवती उभे राहत. अंगणातल्या चौथऱ्यावरचे वृंदावन पंधरा किलोच्या डब्यात आले, आणि शहरी बागेचा पहिला वाफा तोच ठरला.

पुण्यातले वाडे या बाबतीत अधिक काळ टिकले. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणवले आणि ते पेठांमधल्या हौदांत खेळवले. वाड्याच्या चौकात तुळस, मागच्या चौकात प्राजक्त किंवा तगर, कुठे लिंबू किंवा पारिंगा हे साधारण दृश्य. पेशव्यांच्या स्वतःच्या बागा, म्हणजे हिराबाग, सारसबाग आणि पर्वतीच्या पायथ्याची झाडी, वेगळ्या प्रतीच्या होत्या आणि त्यांचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. वाड्याच्या बिऱ्हाडकरूने आपल्या दोन खणांसमोर जपलेल्या सदाफुलीविषयी मात्र कोणी लिहून ठेवले नाही. शहरी बागेचे खरे पूर्वज ते बिऱ्हाडकरू आहेत.

कुंडीत झाड लावून ते शोभेसाठी मांडायची पद्धत मध्यमवर्गात आली ती मुख्यतः इंग्रजी बंगल्यांच्या व्हरांड्यातून. पश्चिम भारतातल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने आधी शिवडीला बाग केली. पुढे भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स उभी राहिली. ती १८६२ मध्ये उघडली आणि मुंबईकरांनी तिला राणीची बाग म्हटले. आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान ते हेच. पुण्यातले एम्प्रेस गार्डन अशाच सोसायटीच्या देखरेखीखाली वाढले आणि तिथले फुलांचे प्रदर्शन आजही जानेवारीत भरते. या बागांमुळे क्रोटन, पाम, बोगनवेल, नेचे यांची ओळख झाली. माळ्यांच्या हाती कलमे गेली, माळ्यांकडून ती हातगाडीवर आणि हातगाडीवरून चाळीच्या जिन्यापर्यंत आली. गावाकडच्या परसात नसलेली ही झाडे शहरात पसरली, कारण त्यांना थोडी माती आणि तिरपे ऊन पुरे होते. मनी प्लांट मूळचा दक्षिण पॅसिफिकमधल्या मोओरिया बेटाचा, सदाफुली मादागास्करची. ज्याला मराठी घरांत ब्रह्मकमळ म्हणतात, ते रात्री एकदाच उमलणारे पांढरे फूल मेक्सिकोकडच्या एका निवडुंगाचे आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे. या निवडुंगाचे एक पान मातीत खोचले की नवे झाड होते. म्हणून ते नर्सरीपेक्षा शेजारणींच्या हातून जास्त पसरले. ज्या रात्री ते उमलते त्या रात्री मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवायची पद्धत आहे, आणि जाताना एखाद्या शेजारणीच्या हातात त्याचे पानही जाते.

फ्लॅट ही वस्तू मुंबईत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रुळू लागली. १९१५ मध्ये गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. तिच्या इमारतींत स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास घराच्या आत होते. नंतर दादर, माटुंगा, हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क या भागांत तीन-चार मजली इमारतींची रांग उभी राहिली. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या मूळ कल्पनेत उपनगर म्हणजे बागेसकट बंगले होते; जमिनीच्या भावाने ते फ्लॅटांचे झाले. निखिल राव यांनी या उपनगरांच्या इतिहासावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘हाउस, बट नो गार्डन’ आहे, म्हणजे घर आहे पण बाग नाही.

या फ्लॅटाने कुटुंबाला खासगीपणा आणि स्वच्छता दिली, आणि ती फार मोठी गोष्ट होती. चाळीच्या सामाईक संडासापुढची रांग ज्या स्त्रियांनी पाहिली होती, त्यांना तिचे मोल सांगावे लागत नव्हते. पण मोरी आता भिंतीतल्या बिडाच्या पाइपातून थेट गटारात जाऊ लागली. केर मजल्यावरच्या डब्यातून खाली आणि खालून महापालिकेच्या गाडीत. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे, म्हणजे ती आणि दादर-माटुंग्याचे फ्लॅट एकाच पिढीतले आहेत. परसातला उकिरडा शहराच्या कडेला दूर गेला आणि गॅलरीतल्या कुंडीसाठी माती विकत आणावी लागू लागली.

सरकारने शहरी माणसाला भाजी लावायला सांगितले ते टंचाईच्या काळात. १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारच्या रात्रीचे जेवण सोडायचे आणि मिळेल त्या जागेत पिकवायचे आवाहन केले. बंगल्यांच्या हिरवळी खणल्या गेल्या, शाळांच्या मैदानाकडेला वांगी-टोमॅटो लागले. या मोहिमांनी गॅलरीपर्यंत फारसे काही पोचवले नाही. त्यांची भाषा एकराची आणि गुंठ्याची होती. चार बाय आठ फुटांच्या सिमेंटच्या तुकड्याचे काय करायचे, हे सांगणारे त्यांत कोणी नव्हते.

पुण्यात फ्लॅट आला तो एका तडाख्याने. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेच्या काठच्या पेठांतले मातीचे वाडे कोसळले. बेघर कुटुंबांना गावाबाहेर नव्या वसाहतींत जावे लागले. १९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकीच्या फ्लॅटांविषयीचा कायदा झाला, ‘ओनरशिप’ हा शब्द घरोघर पोचला आणि मध्यमवर्गीयांच्या बचतीला वाट मिळाली. पुढच्या तीस वर्षांत पेठांतले उरलेले वाडे आणि नंतर डेक्कन, एरंडवणे, प्रभात रोड इथले बंगले पाडून तिथे अपार्टमेंट झाल्या. अनेक इमारतींना जुन्या वाड्याचे किंवा बंगल्याचे नाव मिळाले. जागेवरचे आंब्याचे झाड मात्र पार्किंगच्या आड येई.

गॅलरीतल्या बागेचे शास्त्र या काळात लोकांनी आपल्या आपण घडवले. ते छापील पुस्तकांत कमी आणि बोलण्यात जास्त आहे. पहिली बाब उन्हाची. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, बाकीचे नऊ-दहा महिने दक्षिणेला. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत दिवाळीपासून होळीपर्यंत ऊन आतपर्यंत येते. टोमॅटो, मिरची, शेवंती, गुलाब, झेंडू यांना हाच हंगाम मानवतो. पूर्वेची गॅलरी मोगऱ्याला आणि तुळशीला चांगली. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेमध्ये कुंडी इतकी तापते की दुपारी घातलेले पाणी मुळांना भाजते, म्हणून तिथे सकाळी लवकर पाणी घालायचे, आणि पाण्याची गरज कमी असणारी कोरफड किंवा बोगनवेल लावायची. उत्तरेच्या गॅलरीत फुलांचा आग्रह सोडून पानओवा, पुदिना, मनी प्लांट, नेचे लावावेत. हे नियम ज्याला ठाऊक नाहीत तो दरवर्षी नर्सरीतून फुललेला गुलाब आणतो आणि दोन महिन्यांत त्याच्या काड्या होतात.

दुसरी बाब कुंडीची. मुंबईत मातीच्या कुंड्या बहुतेक धारावीच्या कुंभारवाड्यातून येत. तिथले कुंभार सौराष्ट्रातून आलेले. कुंड्या इंचांवर विकल्या जातात: आठ इंची, दहा इंची, बारा इंची. भाजलेल्या मातीची कुंडी श्वास घेते, बाजूंनी पाणी झिरपवते आणि त्यामुळे थंड राहते. पण ती जड असते आणि आपटली की फुटते. प्लॅस्टिकची कुंडी हलकी आणि टिकाऊ, पण तिच्यात पाणी जिरत नाही आणि पावसाळ्यात मुळे कुजतात. म्हणून तळाला खापऱ्या, विटांचे तुकडे किंवा नारळाच्या शेंड्या घालायच्या, वर माती आणि खत. शहरात ‘लाल माती’ म्हणून पोत्याने विकली जाणारी माती अनेकदा नुसता मुरूम असतो. दोन पावसांत तो दगडासारखा बसतो. कुंडीतले झाड मेले की लोक हाताला यश नाही म्हणतात; दोष बहुधा त्या मातीचा असतो.

तिसरी बाब गरजेची. शहरी बागेत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त लागली ती देवाची झाडे. जास्वंद, तगर, गोकर्ण, मोगरा, अनंत, सोनटक्का, दूर्वा, बेल, शमी. गणपतीच्या दिवसांत पत्रीसाठी जे मिळेल ते. पहाटे परडी घेऊन इतरांच्या कंपाउंडमधली फुले तोडणाऱ्यांविषयीच्या तक्रारी पुण्यातल्या सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर अजून वाचायला मिळतात. फुलांच्या खालोखाल स्वयंपाकाला चिमूटभर लागणारी पाने: कढीपत्ता, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, ओव्याचे पान. बाजारातून जुडी आणता येते, पण रात्री आठ वाजता आमटीला फोडणी देताना दोन पाने लागतात, आणि गॅलरीने ती गरज कायम भागवली.

गॅलरीच मग घरात ओढली गेली. दोन खोल्यांत वाढत्या कुटुंबाला जागा हवी म्हणून गॅलरीला खिडक्या लागल्या आणि तिथे मुलाचे अभ्यासाचे टेबल आले. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत शुल्क भरून गॅलरी बंद करायला परवानगी होती. कुंड्या तेव्हा खिडकीबाहेर गेल्या, लोखंडी बॉक्स ग्रिलमध्ये. दीड फूट खोलीच्या या पिंजऱ्यात जुने स्टूल आणि मोगऱ्याच्या कुंड्या एकत्र नांदतात.

याच नियमावलीत फुलझाडांसाठी एक सवलत होती, आणि तिचे जे झाले ते मुंबईच्या बांधकामाच्या इतिहासात नीट नोंदले गेले पाहिजे. खिडकीबाहेरच्या फुलझाडांच्या वाफ्याचे, म्हणजे ‘फ्लॉवर बेड’चे, क्षेत्रफळ एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात ठरवून दिलेल्या बांधकामाच्या मर्यादेत, मोजले जात नसे. शहराला हिरवळ मिळावी हा हेतू. पण जे मोजले जात नाही ते बांधायला बिल्डर मोकळा असतो. फ्लॉवर बेड रुंद होत गेले. नकाशावर माती आणि फुले, प्रत्यक्षात खोलीच्या पातळीला सपाट स्लॅब. ताबा मिळाल्यावर मधली अर्धी भिंत पाडली की बेडरूम तेवढी मोठी. खरेदीदाराने या जागेचे पूर्ण पैसे मोजले आणि ती जागा कागदावर बाग राहिली. जानेवारी २०१२ मध्ये नियमावली बदलली. गॅलरी, फ्लॉवर बेड आणि तत्सम मोकळ्या जागा एफएसआयमध्ये धरल्या जाऊ लागल्या आणि त्याबदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के ‘फंजिबल’, म्हणजे हव्या त्या भागासाठी वापरता येणारा जादा, एफएसआय देण्यात आला. फसवणूक थांबली. मात्र आता गॅलरीला आणि खोलीला सारखेच मोल पडू लागल्याने अनेक नव्या इमारतींतून गॅलरीच नाहीशी झाली. झाडाच्या नावाने दिलेली सवलत कोणत्याही झाडाच्या कामी आली नाही.

फ्लॅटच्या बागेला खरी दिशा मिळाली ती शेतीतून. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) हे गणिताचे अध्यापक. १९६० च्या दशकात त्यांनी शेतकऱ्यांचे ‘प्रयोग परिवार’ हे जाळे उभे केले. सांगली-तासगावच्या द्राक्षबागायतदारांच्या यशात या परिवाराचा मोठा वाटा होता. दाभोळकरांची मांडणी अशी की पीक हे पानांवर पडलेल्या उन्हाची कापणी आहे. माती म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्याने आणि जिवाणूंनी सतत घडवायची गोष्ट, आयती मिळालेली नव्हे. पाच माणसांच्या कुटुंबाला १० गुंठे पुरतात, असे त्यांचे गणित होते. हे गणित शहराच्या गच्चीला लागू पडत होते, कारण गच्चीवर ऊन मुबलक असते आणि माती घडवायला लागणारा ओला-सुका कचरा त्याच इमारतीतून रोज बाहेर पडतो. परसातल्या बाईला जे अनुभवाने ठाऊक होते ते दाभोळकरांनी हिशेबात मांडले.

मुंबईत हे प्रत्यक्ष करून दाखवले ते डॉ. रमेश दोशी यांनी. ते पेशाने अर्थतज्ज्ञ, राहायला वांद्र्याला. गच्चीवर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पिंपांत भाज्या आणि फळझाडे लावली. त्यांच्या पद्धतीत माती सर्वांत कमी. खाली रसवंतीवाल्याकडून आणलेली उसाची चिपाडे, मग पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा, आणि वर मातीचा पातळ थर. चिपाडे स्पंजासारखी पाणी धरतात, वजनाला हलकी असतात आणि कुजता कुजता झाडाला अन्न देतात. रसवंतीवाल्याला ती फेकायचीच असत, त्यामुळे ती फुकट मिळत. शहरात विपुल आणि नकोसे असलेले साहित्य शोधून त्यावर बाग उभी करायची, ही दृष्टी दोशींची मोठी देणगी. पुढे उसाच्या चिपाडांच्या जोडीला नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आला. पुण्यात १९८० च्या दशकापासून उदय भवाळकर यांनी गांडुळांच्या साहाय्याने कचऱ्याचे खत करण्यावर काम केले आणि ‘गांडूळ खत’ हा शब्द सोसायट्यांच्या बैठकांत आला.

या सगळ्याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर घडले. तिथे रोज सुमारे ३,००० कर्मचाऱ्यांचे जेवण बनत असे, आणि तेवढ्या जेवणाची साले, देठे, चहाचा चोथा, नारळाच्या शेंड्या यांचा ढीग रोज निघे. २००२ मध्ये तिथल्या खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी दाभोळकर आणि दोशी यांच्या कामातून शिकून हा कचरा वर गच्चीवर न्यायला सुरुवात केली. सुमारे ३,००० चौरस फुटांच्या त्या गच्चीवर पेरू, चिकू, केळी, भेंडी, वांगी, पालेभाज्या वाढल्या. कचरा बाहेर पाठवायची गरज उरली नाही. पुढे २००९ मध्ये पाटील यांनी ‘अर्बन लीव्ह्ज’ हा गट सुरू केला आणि शहरातल्या इतर गच्च्यांवर सामुदायिक बागा लावण्याचे काम हाती घेतले. परसातली केळ मोरीवर वाढत असे, पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवरची स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर वाढली. तत्त्व एकच आणि घडवणारी माणसे शेतकरी घरातली असलीच पाहिजेत असेही नव्हे, हे या गच्चीने सिद्ध केले.

गच्चीवरच्या बागेला सर्वांत मोठा विरोध गळतीच्या भीतीचा, आणि ती भीती निराधार नाही. मुंबई-पुण्याच्या इमारतींच्या गच्च्यांना विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर फुटक्या फरशांचा थर असतो. त्याला चीर गेली की पाणी वरच्या मजल्याच्या छतातून उतरते. दुसरा प्रश्न वजनाचा. भारतीय मानकांनुसार वावर असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून आराखडा केला जातो. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो. म्हणजे संपूर्ण गच्चीवर मातीचे वाफे घालणे धोक्याचेच. चिपाडे, पाचोळा आणि कोकोपीट यांनी भरलेले वाफे मातीपेक्षा पुष्कळ हलके असतात. त्यांना विटांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवले की पाण्याचा निचरा दिसतो आणि गळतीचा संशयही दूर होतो. ‘मातीविरहित बाग’ हा शब्द महाराष्ट्रात रूढ झाला तो याच कारणाने. तिसरा प्रश्न डासांचा. बेंटलींच्या अहवालातल्या विहिरींची जागा आता कुंडीखालच्या बशीने घेतली आहे. डेंग्यूचा डास तिथल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एकदा बशी कोरडी करून पुसणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि बशी न ठेवणे त्याहून चांगला.

कचऱ्याच्या प्रश्नाने शेवटी कायद्यालाही याच वाटेवर आणले. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि मुंबईवर कित्येक दिवस धूर राहिला. पुण्याचा कचरा जिथे टाकला जाई त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी, आपले पाणी आणि शेती नासली म्हणून, गाड्या वारंवार अडवल्या. शहराच्या स्वच्छतेची किंमत ही गावे मोजत होती, आणि त्यांचा राग रास्त होता. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोहून अधिक कचरा काढणाऱ्या मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. पुणे महापालिका त्याच्या आधीपासून गांडूळ खत, सौर ऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकतकरात ५ टक्के आणि एकाहून अधिक चालवणाऱ्यांना १० टक्के सवलत देत आली आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत भाजी मिळेनाशी झाली, तेव्हा अनेक घरांत मेथी आणि धने पहिल्यांदा कुंडीत पेरले गेले. काहींच्या गॅलरीत ती सवय राहिली.

आता सोसायटीच्या आवारात खताचे पिंप असते, खत तयार होते आणि बहुतेक ठिकाणी ते पोत्यांत तसेच पडून राहते, कारण ते घालायला झाडे नसतात. झाडांना लागणारे ऊन आणि जागा वर गच्चीवर असते. गच्ची सामाईक मालमत्ता आहे. ती बागेसाठी उघडायची तर कोणत्याही महापालिकेच्या परवानगीआधी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो.